चाळीस पायांपुरती जागा

काचेखालचा कागद बिस्त्राने वाचला तो नंतर. आधी तिला अक्षर ओळखू आलं. आपलंच अक्षर असं ध्यानीमनी नसताना समोर आलं की माणूस दचकतं, तशी ती दचकली. आरेखन विभागात घोटवून घेतलेलं ते उभं, सुटं, एकसारख्या उंचीचं अक्षर. त्यातलं एकही कुठे डगमगलेलं नव्हतं, आणि याचाच तिला पहिल्यांदा राग आला. हात जरा तरी थरथरायला हवा होता. चौकटींचा तो कागद पिवळा पडला होता, कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का होता, तारीख चौदा मार्च एकोणीसशे शहाऐंशी, आणि सगळ्यांच्या वर, खाली रेघ ओढलेला एकच शब्द: खुलासा. ‘मी, खाली सही करणारी ब. कामेनोवा, आरेखन विभाग, असे लिहून देते की, रोदोपा-८ या घरगुती संगणकाच्या बोर्डावर प्रोसेसरच्या जागी पडलेली, किंचित सरकलेली व कमीजास्त मापाची भोके ही माझ्या हातून झालेली चूक आहे. त्यामागे कोणताही हेतू नव्हता. यापुढे मी काळजी घेईन.’ कागदाच्या डावीकडे प्रोसेसर काढलेला एक मोकळा बोर्ड ठेवला होता, त्याच्यापाशी छापील चिठ्ठी ‘बरोबर’. उजवीकडे तसाच दुसरा, त्याच्यापाशी ‘चूक’. आणि प्रदर्शनाच्या त्या काचेच्या पेटीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत, ‘एका मुलीच्या प्रसिद्ध चुकीमुळे आज दुर्मिळ ठरलेली मालिका’. मुलीच्या! तेवीस वर्षांची बाई होती मी, असं बिस्त्रा मनातल्या मनात म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की या सभागृहात ब. कामेनोवा म्हणजे कोण हे कोणालाही माहीत नाही. लग्नानंतर ती वेल्कोवा झाली, त्यालाही आता सदतीस वर्षं झाली. ती कोट घालून सरळ बाहेर पडली असती तरी कुणी हटकलं नसतं.

“काय वाचतेस गं एवढं डोळे फाडून?” स्लावका मागून आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेला बानित्साचा, चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या पावाचा, तुकडा होता, आणि प्रत्येक घासाला त्याचे पापुद्रे तिच्या कोटावर सांडत होते. स्लावका तिच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. ती त्याच कारखान्यात जुळणीच्या टेबलावर अकरा वर्षं होती. पण तीन हजार माणसांच्या कारखान्यात दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ओळख झाली ती कारखाना बंद पडल्यावर, एका हिवाळ्यात दोघींच्या नळाचं पाणी एकदमच गोठलं तेव्हा.

“काही नाही. जुना कागद आहे.”

स्लावकाने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि सबंध खुलासा मोठ्याने वाचून काढला. ती वाचत असताना दोन अनोळखी माणसं थांबून ऐकायला लागली, आणि ‘यापुढे मी काळजी घेईन’ याला त्यातला एक जण हसला.

“अगं बाई! कोण गं ही गाढवीण?” स्लावका म्हणाली. “पण काही म्हण, देव तिचं भलं करो. हे बोर्ड म्हणजे तेच की! ते यायला लागले आणि आमच्या बोटांची सुटका झाली. चिप नुसती सोडायची, आपली आपण खाली बसायची. पेटी उघडली की आम्ही बाया भांडायचो, हे बोर्ड कुणाच्या टेबलावर म्हणून. मी तर एकदा त्या मिल्काचा बाक पायाने ढकलला होता.” तिने डाव्या अंगठ्याचं पेर बिस्त्रासमोर धरलं. तिथे एक पांढरा वण होता, बिस्त्राने शंभरदा पाहिलेला, कधीच न विचारलेला. “हा त्याच्या आधीचा. पकडीने चिपेचा पाय वाकवताना घुसला आत.”

बिस्त्रा त्या वणाकडे बघत राहिली. हे तिला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारायचं तरी कुणाला? बोर्ड तिच्या टेबलावरून खाली गेला तो गेला. खालच्या मजल्यावर त्याचं काय झालं याची वार्ता वर यायची पद्धतच नव्हती. वर यायचा तो फक्त दोष. तिला वाटायचं, बहुतेक काही उपयोग झाला नसेल, चार दिवस वापरून टाकून दिले असतील. आणि इथे ही बाई तोंडात बानित्साचा घास ठेवून सांगते आहे की त्या बोर्डांसाठी बाक ढकलले जात होते. तिच्या ओठांवर शिवी आली, पण कुणाला द्यायची हे ठरेना.

शहाऐंशीचा जानेवारी. कारखान्याच्या खानावळीत बीनच्या सूपची रांग, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या जुळणीच्या बाया. त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या, कुणाच्या दोन बोटांना, कुणाच्या तीन. बिस्त्राला आधी वाटलं की भाजलं असेल. मग तिने एकीला विचारलं, आणि ती बाई इकडेतिकडे बघून म्हणाली, “पाय वाकवतो आम्ही.” पुढचं बिस्त्राला आपोआप कळलं, कारण मापं तिच्या रक्तात होती. आपल्या पूर्वेकडच्या, समाजवादी गटातल्या देशांच्या चिपांचे पाय अडीच मिलिमीटरवर असायचे. पश्चिमेकडच्या चिपांचे पाय इंचाच्या दहाव्या भागावर, म्हणजे अडीचपेक्षा चार शतांश मिलिमीटर जास्त. चार शतांश म्हणजे काय, डोळ्याला दिसतही नाही. पण प्रोसेसरला एका बाजूला वीस पाय असतात, दोन्ही मिळून चाळीस. पहिला पाय भोकात बरोबर बसवला की विसावा पाऊण मिलिमीटर बाहेर लोंबतो. मित्रदेशांकडून येणारा माल त्या हिवाळ्यात आलाच नाही, आणि कुठून तरी आडमार्गाने, कुणाच्या तरी सुटकेसांतून, पश्चिमेकडच्या चिपा आल्या होत्या. कारखान्यात सगळ्यांना ते माहीत होतं. कागदावर मात्र त्या चिपा नव्हत्या. मग कागदावर नसलेल्या चिपेसाठी बोर्ड बदला असं सांगणार कोण? आदेश निघाला असता तर कागद झाला असता. म्हणून आदेश निघाला नाही, आणि खाली बाया पकडीने एकेक पाय आत वाकवत बसल्या. दहातल्या तीन चिपांचे पाय मोडायचे, मोडलेल्या चिपेचा जाब मात्र लेखी द्यावा लागायचा.

बिस्त्राचं काम होतं बोर्ड मांडण्याचं. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर पारदर्शक फिल्म पसरायची, चौपट मोठ्या मापात, आणि तिच्यावर चिमट्याने काळे ठिपके नि काळ्या पट्ट्या चिकटवत जायच्या. ठिपका म्हणजे भोक, पट्टी म्हणजे तांब्याची वाट. त्या फिल्मचा फोटो काढून लहान केला की बोर्ड. बोर्डाची नवी आवृत्ती तिच्याकडे आलीच होती, वीजपुरवठ्याच्या भागातली कसलीशी दुरुस्ती होती, प्रोसेसरशी संबंध नव्हता. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली खाली गेल्या की ती आपला डबा टेबलावरच उघडायची आणि एका हाताने लाल मिरचीचं ल्युतेनित्सा लावलेला पाव खात दुसऱ्या हाताने ठिपक्यावर ठिपका चिकटवायची, जरासा सरकवून. मधल्या पायांना सरकवायची गरजच नव्हती, तिथे दोन्ही मापं जवळजवळ एकावर एक येत होती. मधून दोन्ही टोकांकडे जावं तसा तो सरकाव वाढत जायचा, अगदी हळू. नऊ दिवस लागले. हे करताना ती काय विचार करत होती हे तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. पट्ट्या बांधलेली ती बोटं होतीच. पण खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. दोन जगांचं एकमेकांशी पटत नव्हतं, कुणी ते कबूलही करत नव्हतं, आणि ती पाव खाता खाता दोघांनाही एकाच बोर्डावर बसवत होती. असा आनंद तिला पुढे कुठल्याच कामात झाला नाही.

भोकं पाडायची यादी तिनेच लिहिली. मधल्या पायांना आठ दशांश मिलिमीटरचं ड्रिल, त्यापुढच्यांना एक मिलिमीटर, टोकांना एक आणि दोन दशांश. नियमात एकच माप होतं. दुसऱ्या दिवशी ड्रिलवरचा स्तोइलकाका ती यादी घेऊन तीन जिने चढून वर आला. धापा टाकत, कानामागे पेन्सिल, बनियनवर तांब्याची लाल धूळ.

“पोरी, हे तीन आकडे तूच लिहिलेस ना?”

“हो.”

“लिहिताना हात तर नाही चुकला?”

“नाही काका.”

तो यादीकडे पाहत उभा राहिला. बोर्डागणिक तीनदा पातं बदलायचं म्हणजे त्याच्या दिवसाचे दोन तास जास्त जाणार होते. “टोकाला मोठं,” तो स्वतःशीच म्हणाला, “आणि मधे नाही,” आणि मग त्याच्या तोंडावर काहीतरी उजळलं. त्याने यादीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि “जिने मात्र फार आहेत तुमचे” एवढंच बोलून खाली उतरला. तो माणूस कोणालाही एक अक्षर बोलला नाही. सात आठवडे त्याने पाती बदलली.

मग मापांचे नियम सांभाळणाऱ्या खात्यातून तपासनीस आला, त्याने मापक लावलं, आणि मुख्य इंजिनिअर हाजीपेत्कोव्हने बिस्त्राला बोलावून घेतलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिने उलट उत्तर तरी दिलं असतं. त्याने दार लावलं, तिच्यापुढे लिंडनच्या फुलांचा चहा ठेवला आणि चौकटींचा कागद सरकवला. “लिही मुली. मी सांगतो.” हेतू होता म्हटलं तर का होता ते सांगावं लागेल, का ते सांगितलं तर कागदावर नसलेल्या चिपा कागदावर येतील, आणि मग तू, मी, तो ड्रिलवाला, सगळेच. चूक झाली म्हटलं तर चूक ही कुणाच्याही हातून होते. त्याचं सगळं बोलणं बरोबर होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तिने लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. ‘त्यामागे कोणताही हेतू नव्हता’ हे वाक्य त्याचं. ‘यापुढे मी काळजी घेईन’ हे मात्र तिने स्वतःहून घातलं, आणि यासाठी तिने स्वतःला कधीही माफ केलं नाही. दुसऱ्या सोमवारी तिची बदली गोदामात झाली, पेट्यांवर लेबलं चिकटवायला. चुका करणाऱ्या मुलीला फिल्मजवळ कोण बसू देणार? बोर्ड मात्र तसेच छापले गेले, शेवटपर्यंत. ती चूक दुरुस्त करायची घाई कोणालाच नव्हती.

खोटं लिहून देण्याचं एक असतं. लिहिताना आपल्याला ठाऊक असतं की हे खोटं आहे. पण तो कागद फायलीत जाऊन शांतपणे बसून राहतो, आणि आपलं ठाऊक असणं मात्र दर वर्षी थोडं थोडं झिजतं. लेबलं चिकटवताना, नंतर चष्म्याच्या दुकानात काचा घासताना, बिस्त्राला मधेच वाटायचं, खरंच हात सरकला असेल का? आपण मागाहून तर ही गोष्ट रचली नाही? दुकानात ती प्रत्येक काच तीनदा मोजायची. मालक म्हणायचा, बिस्त्रा, तू कधी चुकत नाहीस, मग मोजतेस कशाला? ती काच पुन्हा मापाखाली धरायची. चुकणाऱ्या माणसाची सवय तिला लागली होती आणि चूक तर तिने केलीच नव्हती. नवऱ्यालाही तिने हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे त्याने विश्वास ठेवायला हवा, आणि तिचा स्वतःचाच पुरता बसत नव्हता.

पंधरा वर्षांपूर्वी इमारतीच्या खाली कचऱ्याच्या डब्यांना टेकून कुणीतरी एक रोदोपा-८ ठेवला होता. कीबोर्डची चार बटणं गेलेली, आत गंज, वीजपुरवठा जळून काळा ठिक्कर. तिने तो उचलून वर आणला, रविवारच्या उजेडात स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून खोलला, प्रोसेसरचे चाळीस पाय एकेक करून सोडवले, आणि मोकळा झालेला बोर्ड काचेशी उभा धरला. उजेड भोकांतून आला. मधे बारीक, मग जरा मोठा, टोकाला त्याहून मोठा. डावीकडे तसाच, उजवीकडे तसाच. वरच्या रांगेत तसाच आणि खालच्याही. “चुकून असं होत नाही,” ती मोठ्याने म्हणाली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तिने तेच पुन्हा एकदा म्हटलं, आणि बोर्ड उलटा करून पुन्हा काचेशी धरला.

तेव्हापासून ती या उद्योगाला लागली. फुगलेले कपॅसिटर काढून नवे घातले, जळक्या वीजपुरवठ्याच्या जागी तळहातावर मावेल एवढा नवा बसवला. कॅसेट लावून वीस मिनिटं किरकिर ऐकायची गरज उरली नाही. नखाएवढ्या कार्डात त्या काळातले सगळे खेळ मावले. चित्र आजच्या सपाट टीव्हीवर यावं म्हणून एक छोटा बोर्ड शेजारी डाख देऊन जोडला. मेमरी चौपट केली. प्रोसेसर तर नवा कोरा मागवला, इंचाच्या मापाचा, आणि तो तिने भोकांवर धरून नुसता सोडला तसा आत गेला. या छंदातले पुरुष तिला इंटरनेटवरच्या चर्चांत डिवचायचे. मावशी, यात मूळचं काय राहिलं आता? तुम्ही तर म्हातारीला नवीन दात, नवीन गुडघे नि नवीन केस बसवलेत. तिने एकदाच उत्तर लिहिलं होतं: म्हातारी नाचते आहे ना? तुमची काचेत पडली आहे. तिला मूळपणाचं हे सोवळं कधी कळलंच नाही. तो संगणक मुळात निघाला तोच मिळेल ते जोडून, आडमार्गाने आलेल्या चिपा वाकवून. मूळ होतं ते एकच, पुढे जे येईल त्याला जागा ठेवणं. आणि ते तिचं होतं.

म्हणून हे प्रदर्शन भरवणाऱ्या ल्यूबेनने तिचं यंत्र मागितलं तेव्हा ती हुरळून गेली होती, हे तिला आता कबूल करावं लागलं. ल्यूबेन तिशीतला, मनाने चांगला, पावलोपावली आनंदित होणारा माणूस. वाचनघराच्या, म्हणजे गावच्या सांस्कृतिक केंद्राच्या, या सभागृहात, जिथे एरवी बायका लोकनृत्याचा सराव करतात, तिथे त्याने भिंतीशी काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. पेट्यांत आठ रोदोपा होते, मूळ स्थितीतले, स्वच्छ पुसलेले आणि आठही मेलेले. तिचा त्याने दाराजवळच्या उघड्या टेबलावर ठेवला, ‘सुधारित, मूळ स्थितीत नाही, हात लावायला हरकत नाही’ अशी चिठ्ठी लावून. सकाळपासून सगळी माणसं तिथेच गोळा होत होती. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. हात लावायला हरकत नसणं तिला आवडलंच होतं. पण ही पेटी त्याने आज सकाळी उघडली होती, खास आश्चर्य म्हणून.

“बघितलीत का मावशी?” ल्यूबेन आलाच. मनगटावरचे, वसंताच्या शुभेच्छा म्हणून मार्चमध्ये बांधायचे लाल-पांढरे दोरे अजून सोडलेले नव्हते. “कारखान्याच्या फायलींत सापडला! नशीबच म्हणायचं. राजधानीतले, सोफियातले संग्राहक या चुकीसाठी वेडे झालेत. फ्रिजवर लावायची चुंबकंपण करतोय आपण, ‘यापुढे मी काळजी घेईन’ असं लिहून. गोड आहे ना?”

“कोण होती ती, शोधलंत?”

“शोधलं हो, नाही मिळाली. जिवंत तरी आहे की नाही कोण जाणे. मुख्य इंजिनिअर मात्र आले आहेत! शहाऐंशी वर्षांचे आहेत, पण बघा कसे ताठ.”

ते खरंच ताठ होते. काठी टेकत हाजीपेत्कोव्ह पेटीपाशी आले, लोकांनी कोंडाळं केलं, आणि ते बोलू लागले. ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा सांगितलेली असणार, कुठे थांबायचं ते त्यांना पाठ होतं. त्या दिवसांत आमच्याकडे काय मुली होत्या! एक नवखी, सुंदर हो, पण लक्ष कुठे? बहुतेक प्रेमात पडलेली. वीस पायांची रांग सरळ आखता येईना तिला. लोक हसले. मी बोलावलं, म्हटलं, मुली, हृदय इकडेतिकडे सरकू दे, ठिपके नको सरकवूस. लोक पुन्हा हसले, ल्यूबेनही, आणि स्लावका सगळ्यांत मोठ्याने. बिस्त्राने त्या हसण्याकडे पाहिलं. वाईट कोणीच नव्हतं त्यात. याच प्रेमळपणाने ती गोष्ट आता चुंबकांवर छापली जाईल, आणि ती मेल्यावरही फ्रिजांच्या दारांवर काळजी घेत राहील. आपण गप्प बसलो तर हे असंच राहणार, आणि आपण चाळीस वर्षं गप्पच बसलो आहोत, हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिची भीती एकदम गेली.

“प्रेमात नव्हते मी,” ती म्हणाली. “पाव खात होते.”

सगळे वळले.

“ल्यूबेन, पेटी उघड.”

“मावशी, ती... कुलूप आहे तिला.”

“मग किल्ली लाव.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने किल्ली लावली. बिस्त्राने पिशवीतून काळ्या स्पंजात खोचलेल्या दोन चिपा काढल्या. दुरुस्तीला निघालेलं माणूस ठेवतं तशा त्या तिच्याजवळ कायम असायच्या. “ही आपली जुनी, अडीच मिलिमीटरची. ही नवी, इंचाची.” तिने ‘बरोबर’ लिहिलेला बोर्ड उचलला. जुनी चिप बसली. नवी तिने लावली, एका टोकाला बसली, दुसऱ्या टोकाला पाय भोकांच्या बाहेर चढून राहिले. “दाब बघू,” ती ल्यूबेनला म्हणाली. त्याने भीत भीत दाबली. एक पाय वाकला. “मोडेल,” तो म्हणाला. “मोडायचेच,” स्लावका कोंडाळ्यातून म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती. मग बिस्त्राने ‘चूक’ उचलला. जुनी चिप धरली नि सोडली. ती आत गेली. काढली, वाकलेला पाय नखाने सरळ करून नवी धरली आणि सोडली. तीही गेली. दाराजवळच्या तिच्या यंत्रातलं खेळाचं संगीत तेवढं ऐकू येत होतं.

“कामेनोवा,” हाजीपेत्कोव्ह हळूच म्हणाले.

“हो साहेब.”

“म्हातारी झालीस.”

“तुम्ही कुठे तरुण राहिलात?”

ते जवळ आले, लोकांकडे पाठ केली. “मला तेव्हाच कळलं होतं. मी काय आंधळा होतो? पण त्या कागदाने तुला वाचवलं. त्या ड्रिलवाल्याला वाचवलं. ते विसरू नकोस.”

“विसरले नाही. वाचवलंत. मलाही, स्वतःलाही. पण कारखाना बंद पडून तीस वर्षं झाली, साहेब. ज्यांची भीती होती ते सगळे मेले. त्यानंतर तुम्ही ही गोष्ट कितीदा सांगितलीत? त्यातल्या एकदा तरी खरी सांगायची.”

“लोकांना ती आवडायची,” ते म्हणाले. हे मात्र ते अगदी खरं बोलले.

स्लावका माणसांना कोपराने बाजूला सारत पुढे आली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ती भयंकर चिडली होती. “वीस वर्षं माझ्या हातचं ल्युतेनित्सा खातेस! वीस वर्षं हा अंगठा तुझ्या नाकासमोर आहे! आणि तुझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही? मी तुला गाढवीण म्हटलं, तेही ऐकून घेतलंस?”

“मला माहीत नव्हतं गं, तुम्हाला उपयोग झाला ते.”

“उपयोग!” स्लावका ओरडली, आणि तिने बिस्त्राचा हात इतका घट्ट धरला की दुखला.

ल्यूबेन गोंधळला होता, पण त्याचा आनंद पुन्हा वर येत होता. त्या माणसाचा स्वभावच तसा. “मावशी, हे तर त्याहून भारी आहे! पण मला आधार हवा. कागद तर चूक म्हणतोय, तुमच्या सहीने. कॅटलॉग छापून झालंय. असं करू या का, ‘काहींच्या मते हे हेतुपुरस्सर असावं’ असं...”

“काहींच्या मते नाही.”

“बरं, बरं. मग तुम्ही लिहून द्या ना! आत्ता, इथे. खाली सही करणारी अमुक, असं लिहून देते की ती चूक नव्हती. दोन्ही खुलासे शेजारी शेजारी ठेवू. जुना नि नवा. लोकांना केवढं आवडेल!” त्याने कुठून तरी एक कोरा कागद पैदा केला, पेटीच्या काचेवर ठेवला, वर पेन ठेवलं.

बिस्त्राने त्या कागदाकडे पाहिलं. पांढरा होता, चौकटी नव्हत्या. तिच्या मनात वाक्य तयारही झालं, चांगलं, नेटकं वाक्य, आणि तिच्या बोटांना ते अक्षर अजून येत होतं. तेवढ्यानेच तिचं अंग तापलं. एकदा लिहून दिलं की मी चुकले, आता लिहून द्यायचं की मी चुकले नाही. आणि दोन्ही वेळा समोर एक पुरुष उभा, कागद सरकवणारा, भल्यासाठीच सांगणारा. तिने पेन उचललं, टोपण लावलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला अडकवून टाकलं.

“मी यापुढे कुणालाही खुलासा देणार नाही,” ती म्हणाली. “तुलाही नाही, सोफियातल्यांनाही नाही. मापक आहे ना तुझ्याकडे? बोर्ड हातात घे. एका बाजूला वीस भोकं आहेत. मधली आठ एका मापाची, त्यांच्या दोन्हीकडची तीन-तीन दुसऱ्या, टोकाची तीन-तीन तिसऱ्या. दुसऱ्या बाजूला तेच. एकही भोक याला सोडून निघालं तर तुझा कागद खरा. मोज.”

ल्यूबेनने ल्यूबेनसारखंच, हसून वेळ मारून न्यायला सगळ्यांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. हाजीपेत्कोव्ह दोन्ही हात काठीवर ठेवून जमिनीकडे बघत उभे होते.

“सगळी?” त्याने विचारलं.

“सगळी. मोठ्याने मोज, मागच्यांना ऐकू जाऊ दे. आणि मोजून झालं की त्या चिठ्ठीवर दोन नावं लिहायची आहेत. एक माझं आहे, एक ड्रिलवरच्या स्तोइलचं. त्याचं आधी लिही, तो जिने चढला होता.”

ल्यूबेनने खिडकीकडे सरकून बोर्ड उजेडात धरला आणि पहिल्या भोकाला मापक लावलं.

“एक पूर्णांक दोन दशांश,” तो म्हणाला.

“पुढे,” बिस्त्रा म्हणाली.